रिसोडची सोळा पाकिटं

बंद पाकिटावरून आतलं ओळखता येतं याचा मला एके काळी फार गर्व होता. आता सांगायला लाज वाटते, पण वाशीमच्या आमच्या हायस्कुलात ती माझी ख्यातीच होती म्हणा ना. पालकांचे अर्ज, पोरांच्या रजेच्या चिठ्ठ्या, संस्थेची पत्रं, वरचं अक्षर पाहून आत काय असेल ते मी सांगायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं. चुकलं तर लोक विसरून जायचे, आणि मी तर त्यांच्याही आधी विसरायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. विधान परिषदेत शिक्षकांची म्हणून एक जागा असते. त्या जागेसाठी आमच्या भागातल्या हायस्कूल मास्तरांच्या संघटनेनं एकच नाव वर पाठवायचं होतं आणि इच्छुक निघाले दोन. खरी निवडणूक पुढे व्हायची होती. ही आपली आपसांतली, घरातली. सभा बोलावली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, मागच्या सभेत एका सरांचा चष्मा फुटला होता. म्हणून ठरलं की मतं पोस्टानं मागवायची. प्रत्येक सभासदाला एक छापील चिठ्ठी जाणार, तिच्यावर दोन नावं, हवं त्या नावापुढे फुली मारायची. चिठ्ठी छोट्या कोऱ्या पाकिटात, ते मोठ्या पाकिटात, आणि मोठ्याच्या पाठीवर आपलं नाव, शाळा, सही. महिन्याभरात पाकीट वाशीमला पोचलं पाहिजे. पहिल्या पंधरा दिवसांत ज्याला माघार घ्यायची त्यानं घ्यावी.

इच्छुकांपैकी एक होते रिसोडचे एक मुख्याध्यापक. दुसरी माझी मैत्रीण.

एका जैन दुकानदाराच्या किराण्याच्या वर आमची खोली होती. ती यायच्या आधी सहा वर्षं मी तिथं एकटी राहिले. लग्न झालं नाही, भाऊ अकोल्याला, दिवाळीला पत्र टाकायचे, तेही वहिनीच्या अक्षरात. शाळेत दिवसभर बोलून घसा बसायचा ते ठीक, पण रविवार आला की मी दुपारपर्यंत एक शब्द उच्चारलेला नसायचा. मग खाली जाऊन शेठजींना म्हणायचं, "एक माचिस द्या." तेवढंच बोलणं व्हावं म्हणून. फळीवर माचिसच्या अकरा पेट्या साठल्या तेव्हा मला माझीच भीती वाटली.

मग ती आली. अमरावतीकडची, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, गणिताची. लग्नानंतर वर्षभरातच नवरा वारलेला, सासरच्यांशी भांडून नोकरीला लागलेली. पहिल्याच दिवशी ट्रंक टेकवत म्हणाली, "बाई, मी झोपेत बडबडते. आताच सांगून ठेवते, मंग बोंबलू नका." आठवड्याभरात 'बाई'ची 'तू' झाली. भाजी चिरताना भांडायची, भाकरी थापताना गाणं म्हणायची, तेही बेसूर. मी रागवायची. खरं सांगते, तीन वर्षांत मी जितकी रागवले तितकी आयुष्यात कधी रागवले नाही, आणि तितकी सुखीही कधी नव्हते.

ती उभी राहिली त्याला कारण होतं. रिठदच्या शाळेत एक तरुण बाई होत्या. त्या पोटुशी राहिल्या तशी शाळेच्या चालकांनी त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. बाळंतपणाची रजा मागतात म्हणजे काय! हिनं ते ऐकलं आणि पेटली. संघटनेच्या बैठकीत उठून विचारलं, "तुमी सारे काय आभाळातून पडले काय? तुमच्या मायनं रजा न घेताच काढलं तुमाले?" निम्मे हसले, निम्मे खाली मान घालून बसले. त्यातल्याच चार जणांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, बाई, तुम्ही उभ्या राहा.

आता यातली मेख सांगते. रिसोडच्या मुख्याध्यापकांचे साडू आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. त्यांचा निरोप आला: बाईंनी मुदतीत माघार घेतली तर संघटनेत मानाचं पद देऊ. लढल्या आणि पडल्या तर जूनमध्ये त्यांना संस्थेच्या धनजच्या शाळेत पाठवू. धनज कारंजाकडे, मास्तरांना राहायला तिथं धड खोलीही मिळत नव्हती. आणि जिंकली तर? जिंकली तर नाव वर जाणार, आधी प्रचाराला दोन-तीन महिने सगळे जिल्हे फिरणार, निवडून आली तर नागपूर-मुंबई. म्हणजे पडली तर धनज, जिंकली तर त्याहून लांब. माघार घेतली तरच ती त्या खोलीत राहणार होती. हा हिशेब माझ्या डोक्यात पहिल्याच दिवशी पक्का बसला होता. तिला मी तो कधी बोलून दाखवला नाही.

पाकिटं सांभाळायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नेमला. तिच्या बाजूनं मी. मुख्याध्यापकांच्या बाजूनं उर्दू शाळेतले एक वयस्क सर. शांत माणूस, पानाचा शौक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. रोज चार वाजता पोस्टमन आमच्या शाळेच्या वाचनालयात पाकिटं आणून द्यायचा. आम्ही दोघं समोरासमोर बसून नाव, शाळा, शिक्का नोंदवहीत लिहायचो आणि पाकीट न फोडता लोखंडी पेटीत टाकायचो. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. उमेदवारानं नोंदवही पाहायची नाही असा नियम होता. कुठून किती आली एवढं आपापल्या माणसाला सांगायला हरकत नव्हती, आणि नसतं चालत तरी आम्ही सांगितलंच असतं.

पहिल्या दिवसापासून माझं सुरू झालं. पाकीट हातात घ्यायचं, उलटंपालटं करायचं, तिकीट सरळ लावलंय की तिरकं, सही ठसठशीत आहे की घाबरलेली. सर पानाच्या डब्यातून मान वर काढून म्हणायचे, "बाई, इत्तं गौरनं नका पाहू. कागद आहे, जळून जाईन तुमच्या नजरेनं."

"सर, पहिल्या घंटेला पेपर देऊन उठणारं पोर एक तर हुशार असतं, नाही तर ठोंब्या. लवकर आलेलं पाकीट तसंच असतं," मी म्हणायची.

"मंग हे कोन्तं? हुशार का ठोंब्या?"

"हे आमचं," मी सांगायची. ते हसून नोंदवही पुढे सरकवायचे.

संध्याकाळी खोलीवर ती माझी वाटच पाहत असायची. मॅट्रिकच्या परीक्षेचे दिवस. वाशीमच्या केंद्रावर तिला पर्यवेक्षण होतं. मला त्या वर्षी हिवतापानं धरलं होतं म्हणून माझं नाव काढलं होतं. दिवसभर वर्गात उभी राहून तिचे पाय सुजलेले असायचे. बादलीत पाय बुडवून विचारायची, "बोल. आज काय म्हणतात तुझी पाकिटं?" मी सांगायची: अनसिंगची तीन आली, तिन्ही आपली. मंगरूळची दोन, एक आपलं, एकाचा भरवसा नाही. ती बोटांवर मोजायची नाही, गणिताची असून. माझ्या तोंडाकडे पाहायची. माझा शब्द म्हणजे तिला निकालच. इतका विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता, आणि मला तो फार आवडायचा, हेही सांगून टाकते.

दहाव्या दिवशी रिसोडचा गठ्ठा आला. सोळा पाकिटं एकाच दिवशी, सगळ्यांवर रिसोडच्या पोस्टाचा एकाच तारखेचा शिक्का. पाठीवरची नावं मात्र खेड्यांतल्या मास्तरांची, पाच तर रिठदचीच. रिठदच्या माणसानं गावातली टपालपेटी सोडून रिसोडला जाऊन पाकीट काहून टाकावं? मी ती टेबलावर ओळीनं मांडली. सोळाही एकाच जांभळ्या शाईत लिहिलेली, गोळ्या विरघळवून शाळेत करतात तसल्या. सोळाही पिठाच्या खळीनं चिकटवलेली, आणि चिकटवलेल्या जागेवर वरून लाखेचा एकेक लाल ठिपका. मतपत्रिकेच्या पाकिटावर कधी कुणी लाख लावली होती का?

एकच शाई, एकच खळ, एकच लाख. म्हणजे कुणी तरी एकानं खेड्यांतली मतं गोळा करून, एका जागी बसून, आपल्या डोळ्यांदेखत बंद करून घेतली. आणि रिसोडमध्ये असा माणूस दुसरा कोण असणार?

त्या संध्याकाळी मी तिला एवढंच सांगितलं, "रिसोडचा गठ्ठा आला. सोळा. एकहाती आहेत. सगळी त्यांची." नावं मी सांगितली नाहीत. तिला वाटलं, रिसोडच्या शाळांतलेच असतील.

ती बादलीतून पाय काढून तशीच बसून राहिली. "सोळा?" म्हणाली. मग पाय पुसत, "आपल्याकडं किती आहेत आतापावतर?"

"खात्रीची? नऊ."

माझं हे वाचन त्या दिवशी प्रामाणिक होतं. जे दिसलं तेच मी सांगितलं. इथपर्यंतची चूक मी कुणापुढेही कबूल करीन, ताठ मानेनं. पुढचं तसं नाही.

तेराव्या दिवशी पाकीट एकच आलं. सर पान लावत बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "या साली रिसोडच्या केंद्रावर लई सख्ती आहे म्हणते. मागच्या साली कॉपीची बोंब झाली ना, तर तिथल्या मास्तरायले पर्यवेक्षणाले ठेवलंच नाही. सारे खेड्यावरून आणून बसवले. माझा भाचा आहे तिथं. शाळेतच राहते बिचारे, बाकावर झोपते."

मी नोंदवहीत लिहीत होते. पेन थांबलं.

परीक्षा केंद्र म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं. पंधरा वर्षं मी तेच केलेलं. पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, खळ लावायची, लाख वितळवून सील करायचं. टेबलावर दौत, खळीचं भांडं आणि लाखेची कांडी सदा तयार. सोळा मास्तर घरापासून लांब अडकलेले, मतपत्रिका खिशात घेऊन आलेले. एखाद्या दुपारी पेपर बांधून झाल्यावर म्हणाले असतील, चला, हेही उरकून टाकू. आणि हाताला सवय ती, पाकीट बंद केलं की लाख. मास्तरच करू जाणे असला वेडेपणा! त्या मुख्याध्यापकांचा त्यात काही संबंध नव्हता. उलट, ते सगळे खेड्यांतले होते. पाच जण तर त्याच रिठदच्या शाळेतले, जिथल्या बाईंसाठी ही भांडली होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. सरांना काही कळलं नाही, त्यांनी मला पान पुढे केलं. मी खात नसे, ते विसरले होते.

घरी येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. मनात म्हणत होते की जाऊन लगेच सांगायचं. जिना चढताना तिचं बेसूर गाणं ऐकू आलं. ज्वारीची भाकरी आणि वरण, ताट वाढून ठेवलेलं. मी हात धुतले, जेवायला बसले. तिनं विचारलं, "आज?"

"एकच आलं," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"सांगता येत नाही."

बस्स. एवढंच बोलले. स्वतःला समजावलं की लाखेचं काय, अंदाजच तो, खात्री थोडीच आहे. ती हरली आणि धनजला गेली तर तिच्या हालाला कोण जबाबदार? मी तिच्या भल्याचंच पाहते आहे. किती शहाणी कारणं सुचतात माणसाला! खरं कारण माझ्यासमोर मांडी घालून भाकरी मोडत होतं.

चौदाव्या दिवशी ती परीक्षेवरून आली आणि म्हणाली, "मी कागद लिहून देते. मांगं घेते नाव."

"नीट विचार कर," मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"विचार काय करायचा त्यात? तू सांगून राह्यली ना सोळा त्याची म्हणून. हरून धनजले जाऊन बसण्यापेक्षा इथं राहून भांडीन. तुझ्याजवळ राहीन." आणि हसली. "तुले तरी माझ्याशिवाय कोण आहे, बावा?"

मी उठले. टेबल पुसलं. दौत तिच्या हाताशी नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तो कागद संघटनेच्या सेक्रेटरींकडे नेऊन दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "बाईंनी घाई केली." एकच नाव उरलं, म्हणजे मोजणी नको. पेटीतली पाकिटं न फोडता जाळून टाका असं आम्हा दोघांना सांगण्यात आलं.

शाळेच्या मागच्या आवारात, भर दुपारी, आम्ही ती जाळली. उन्हात ज्वाळा दिसतच नव्हती, नुसता कागद काळा पडत जायचा. लाखेचं एक पाकीट माझ्या हातात आलं. मी म्हटलं, "सर, एक फोडून पाहू?"

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "नाही बाई," म्हणाले. "ते दुसऱ्याचं आहे." आणि माझ्या हातातून काढून त्यांनी ते विस्तवात टाकलं. लाख तडतडली.

महिनाभर आमचं छान चाललं. उगाच कशाला खोटं बोलू, मी खूश होते. सुट्टी लागली. तिनं गच्चीवर मुंगवड्या घातल्या, मी कावळे हाकलत बसले. मला वाटलं, झालं ते झालं, कोणाला काय कळतंय.

वैशाखात रिठदच्या एका सरांचं लग्न होतं. तिला आमंत्रण होतं, सकाळच्या एसटीनं गेली. मी गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. दुपार टळायच्या आत ती परत आली, पंगतीला न बसताच. दारात उभी राहिली. उन्हानं तोंड लाल झालं होतं, चपला काढायचंही भान नव्हतं.

"ते पोरगी भेटली," म्हणाली. "जिचा राजीनामा घेतला ते. कडेवर लेकरू होतं. मले म्हणे, बाई, आमच्या सरायनं परीक्षेच्या केंद्रावरून तुमाले मतं टाकली, सोळा जणांनं, लाख लावून, कोणी फोडू नये म्हणून. मंग तुमी काहून मांगं घेतलं?"

मी गहू निवडत होते. सूप मांडीवरच राहिलं.

"तुले माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता, इतकी ती माझी होती. पण मला नाही म्हणवलं नाही.

"हो," मी म्हटलं. "कागद लिहायच्या आदल्या दिवशी कळलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू गेली असतीस."

मला वाटलं आता ओरडेल, भांडी फेकेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. पण ती भिंतीला टेकून हळूच खाली बसली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "येकटी जाईन, असं तुले कोणं सांगतलं होतं? तुझ्याशिवाय मी कुठं गेली आहे आजपावतर? नागपूरले तुझी खोली पाह्यली असती ना मी."

त्यानंतर ती चार वर्षं त्याच खोलीत राहिली. कुठे गेली नाही. स्वयंपाक करायची, माझ्या तापात उशाशी बसायची, दूध आणू का म्हणून विचारायची. गाणं मात्र मी पुन्हा ऐकलं नाही. चार वर्षं ती माझ्यापासून हातभर अंतरावर झोपली, आणि त्या चार वर्षांत मी जितकी एकटी होते तितकी ती यायच्या आधीच्या सहा वर्षांतही नव्हते.